दारातला शब्द

ग्रिम्सबीच्या गोदीमागे, मेथडिस्ट हॉलमध्ये
दर बुधवारी रात्री तालीम.
नाटक चारशे वर्षांचं, लिहिणाऱ्याचं नाव
पहिल्या पानासकट उंदरांनी नेलेलं.
मी प्रॉम्प्टर. बर्फाच्या कारखान्यातून रिटायर.
मांडीवर संहिता, हातात टॉर्च,
स्वेटरला अजून माशांचा वास.

बॅरी टक्सवर्थ, दिवसा वेल्डर, रात्री ड्यूक,
वाचता वाचता थांबतो:
"हा मला ब्रेव्ह म्हणतो,
आणि मी तर पहिल्याच प्रवेशात पळून जातो!"
ईनिडबाई चष्मा कपाळावर चढवतात.
"कपडे, बॅरी. तुमचे कपडे भारी आहेत, एवढंच म्हणतोय तो."
बॅरी आपल्या ओव्हरऑलवरचा
ग्रीसचा डाग बघत बसतो.

शब्द तेच, रोज सकाळी पावाबरोबर घरी आणतो ते.
ओळखीची पाठ बघून हाक मारावी
आणि वळल्यावर चेहरा भलत्याचाच निघावा,
तसे.

लढाईला निघालेला नवरा
बायकोला फाँड म्हणतो.
लिॲन लाजते.
बाई म्हणतात, लाजू नकोस, खुळी म्हणतोय तो तुला.
"मग बरोबरच आहे," लिॲन म्हणते.
नाइट ड्यूटीचे डोळे, लग्न मोडून दोन वर्षं.
नवरा झालेला पोस्टमन उगाचच
बुटाची नाडी बांधतो.

कीरनला एकच वाक्य.
चिप्सच्या दुकानातून तेलकट हातांनी येतो
आणि म्हणतो, "प्रेझेंटली, महाराज,"
मग पाय ओढत निघतो.
"अरे पळ!" बाई ओरडतात,
"तेव्हा त्याचा अर्थ होता आत्ता, या क्षणी!"
"मग थोड्या वेळाने कसा झाला?"
"माणसांमुळे. आत्ता आलो म्हणून
तासाने उगवणाऱ्या माणसांमुळे.
शब्द बिचारा किती दिवस एकटाच खरं बोलणार?"

आणि मग तो लेट.
उशिराचा नव्हे. जाऊ देण्याचा.
बायको दारात उभी राहून म्हणते,
मी तुला लेट करीन.
"जाऊ देणार म्हणते," कीरन हसतो,
"मग दार का अडवून उभी आहे?"
बाई हसल्या नाहीत.
म्हणाल्या, तेव्हा तोच शब्द अडवायचाही होता.
टेनिसमध्ये चेंडू जाळीला घासून जातो ना,
तेवढ्यापुरता अजून जिवंत आहे.

माझा टॉर्च ओळीवरून घसरला.

रोलंड कॅनडाला निघाला त्या सकाळी
दारात मी उभा होतो, दोन्ही हात चौकटीला.
मागून हेस्टर म्हणाली, "लेट हिम, आल्फ."
एवढंच.
मी बाजूला झालो. बॅगसुद्धा उचलून दिली.
चौदा वर्षं झाली.
आज विचारावं तर हेस्टर नाही.
कुठल्या शतकातलं बोलली होती ती?
जुनी प्रार्थनापुस्तकं वाचायची, तशी.

पहिल्या प्रयोगाला
लिॲन नेमकी तिथेच अडली.
मला फक्त एक शब्द पुटपुटायचा होता.
ओठ हलले, आवाज फुटला नाही.
ती थांबली, माझ्याकडे पाहिलं,
मग काही न बोलता
हात पसरून दारात उभी राहिली.
पुठ्ठ्याची चौकट थोडी हलली.
तिसऱ्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं.
अर्थ कुणीच विचारला नाही.

नंतर बाहेर धुकं, शेवटची बस.
कीरनने हॉलमध्ये डोकं घालून विचारलं,
"बाई, येताय ना?"
आतून कपबश्यांचा आवाज, आणि त्यातून,
"प्रेझेंटली!"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
ड्रायव्हरने इंजिन चालू केलं.
कीरनने एक पाय पायरीवर ठेवला,
एक फुटपाथवर.